नोंद नसलेली चाचणी

पाकीट उघडण्याआधी संघपाल हिवाळेनं त्यावरचा पत्ता दोनदा वाचला आणि दोनदा वाचूनही तो चुकला. पत्त्यात कंपनीचं नाव होतं, खाली ‘बियाणे परीक्षणाबाबत’ असं छापलेलं होतं, आणि नवीन जालन्यातल्या या तीन मजली इमारतीत बियाणे परीक्षण म्हणजे तोच, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेचा इन्चार्ज. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं ‘राधेश्यामजी यांना समक्ष’ असं मालकांचं नाव लिहिलेलं त्याला दिसलं ते पाकीट फाडून झाल्यावर. तोवर आतला कागद अर्धा बाहेर आला होता. कागदावर बाहेरच्या कुठल्याशा खाजगी प्रयोगशाळेचा शिक्का होता आणि खाली कपाशीच्या अकरा लॉटची यादी, प्रत्येकापुढं उगवणीचे टक्के. अकराच्या अकरा लॉट त्याच्या ओळखीचे होते. ओळखीचे कसले, त्या बियांचे दाणे त्यानं स्वतः ओल्या कागदात गुंडाळले होते, स्वतः उलगडले होते, एकेक रोप चिमटीत धरून उजेडाकडं नेऊन बघितलं होतं. म्हणजे इथं तो मोजत होता, तिकडं दुसरं कुणीतरी तेच मोजत होतं, आणि मालकाला दोन्हीकडचं कळत होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते, खिडकीबाहेर मे महिन्याचं ऊन आत्ताच पांढरं पडलं होतं, आणि एसीची हवा मानेवर येत असूनही त्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं कागद पाकिटात घातला, पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि ते लागलं का म्हणून ओढून बघितलं. मग परत एकदा ओढून बघितलं.

दुसरा एखादा असता तर जिना चढून वर गेला असता, साहेब, चुकून फोडलं, असं म्हणाला असता आणि मोकळा झाला असता. पाच मिनिटांचं काम. पण संघपालच्या आयुष्यात पाच मिनिटांचं काम नावाची चीजच नव्हती. त्याच्या हाताखाली तीन जणं होती. ती रोपं मोजायची, रजिस्टरात लिहायची, आणि ती जेवायला गेली की हा गुपचूप तीच रोपं पहिल्यापासून मोजायचा. आकडा जुळला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही, उलट जुळला कसा याचीच धाकधूक लागायची. मग रिपोर्ट टाइप होऊन सहीला यायचा आणि त्याच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून राहायचा. कुणी मागायला आलं की तो म्हणायचा, एकदा बघून देतो. लॅबमध्ये त्याच्या माघारी त्याला ‘बघून देतो साहेब’ म्हणत, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असंही वाटत नव्हतं. बघून देणं म्हणजेच काम, असं तो मनाशी म्हणायचा. पीएचडीचा शेवटचा भाग सहा वर्षं झाली तो बघत होता. मुलीच्या, साक्षीच्या, शाळा प्रवेशाचा फॉर्म त्यानं स्वतःच्या अक्षरात तीन वेळा लिहिला होता, चौथ्यांदा लिहायला नवा फॉर्म आणायला गेला तर मुदत उलटून गेलेली. त्याची बायको सत्यशीला स्वतः अंकुशनगरच्या बाजूच्या शाळेवर शिक्षिका होती, असले फॉर्म रोज पन्नास भरून घ्यायची. त्या दिवशी तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं होतं, आणि त्या बघण्याची त्याला अजून भीती वाटे.

आणि आजच चार वाजता वर बोलावणं होतं. क्वालिटी हेडची खुर्ची आठ महिने रिकामी होती. ती खुर्ची त्याला हवी होती, अशी हवी होती की जिन्यावरून जाताना तो त्या केबिनच्या दाराकडं मुद्दाम बघायचा नाही. कंपनीत चौदा वर्षं झाली होती, त्याच्याइतकं बी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं, हे दुसरे कबूल करत आणि मनातल्या मनात तोही करायचा. अर्ज म्हणून एक पान लिहून द्यायचं होतं. एक पान. त्याच्या कॉम्प्युटरवर त्या पानाच्या सतरा प्रती होत्या आणि शेवटची तारीख जाऊन महिना झाला होता. तरी काल राधेश्यामजी स्वतः जिन्यात भेटले आणि म्हणाले, उद्या चार वाजता या, खुर्चीचं बोलू. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागलेला. आता हे पाकीट. देण्यासाठी बोलावलंय की काढण्यासाठी? दोन्हींसाठी माणूस सारख्याच आवाजात बोलावतो.

त्यानं दार लोटून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि आपलं रजिस्टर शेजारी ठेवून अकरा आकडे ताडून बघितले. त्याचे एकोणऐंशी, त्यांचे एकोणऐंशी. त्याचे चौऱ्याऐंशी, त्यांचे साडेत्र्याऐंशी. त्याचे एकाहत्तर, म्हणजे नापास, त्यांचेही एकाहत्तर. खाली जाता जाता त्याला वाटलं, आता कुठंतरी मोठा फरक निघणार, आणि तिथंच आपण संपणार. निघालाच नाही. कुणालाही याचा आनंद झाला असता. त्याला मात्र अंगावर काटा आला, कारण नजर उजवीकडच्या तारखांवर गेली. ते लोक बाराव्या दिवशी मोजणी संपवून तेराव्या दिवशी कागद देत होते. त्याची सही तिसाव्या, चाळिसाव्या, एका ठिकाणी सत्तेचाळिसाव्या दिवशी होती. मधले दिवस तो बघत होता. काय बघत होता? बाराव्या दिवशी जे दिसलं होतं तेच. तो बरोबर होता, प्रत्येक वेळी बरोबर होता, आणि त्याच्या बरोबर असण्याची या इमारतीत कुणी वाट बघत नव्हतं. हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण या खोलीत बसलेलो आहोत हे कुणाला माहीत तरी आहे का.

वडील असते तर म्हणाले असते, बसला असशील तर ताठ बस. संपत हिवाळे एका साखर कारखान्याच्या गोदामात पोती शिवायचे. दाभण आणि सुतळी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शिवणाऱ्यांत सहा जण, पैकी दोघं बौद्ध वस्तीतले, त्यांतले एक ते. एका हंगामात गाडीवर चढवताना एक पोतं फुटलं, साखर सांडली. सुपरवायझर आला, त्यानं शिवण बघितली नाही, पोत्याचा नंबर बघितला नाही. सरळ संपतरावांसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुझंच असणार. राहिलेला हंगाम ते घरी बसले. संघपाल तेव्हा चौथीत होता. आई दुसऱ्याच्या कापसात वेचणीला गेली की वडील ओट्यावर बसून त्याचा अभ्यास घ्यायचे, आणि प्रत्येक गणित झालं की म्हणायचे, परत कर. बरोबर आलंय, असं तो म्हणाला तरी, परत कर. एकदा त्यानं रडकुंडीला येऊन का म्हणून विचारलं. वडिलांनी पाटी त्याच्या हातातून घेतली, बोटानं पुसली आणि हळू आवाजात म्हणाले, “आपलं दोनदा बघायचं. लोकांचं एकदा बघितलेलं चालून जातं. आपलं न्हाई.” त्या वाक्यानं त्याला बोर्डात आणलं, परभणीला एम.एस्सी.ला सुवर्णपदक दिलं, या खोलीपर्यंत आणून बसवलं. खोटं नव्हतंच ते. त्यानं आजवर डोळ्यांनी बघितलं होतं की त्याची एक चूक झाली असती तर ती एकट्याची राहिली नसती. फक्त वडिलांनी एक सांगायचं राहून गेलं होतं, की दोनदा बघून झाल्यावर थांबायचं कसं. किंवा त्यांनाही ते माहीत नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते दाराची कडी रात्रीतून तीनदा उठून बघायचे.

दार वाजलं आणि तो इतका दचकला की रजिस्टर खाली पडलं. अर्पिता होती, त्याच्या हाताखालची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. घनसावंगीकडची पोर, घरची जमीन भरपूर, वडील कारभारी, गावातलं मोठं नाव. हुशार होती. कामाला झपाटा होता, आणि चुकली तर ‘अरे, चुकलं की’ म्हणून हसून दुरुस्त करायची. संघपालला तिच्या हुशारीचं काही वाटायचं नाही, पण त्या हसण्याची भीती वाटायची. चुकून हसता येतं, हे त्याच्या देशातलं चलनच नव्हतं. ती सांगायला आली होती की तिलाही चार वाजता वर बोलावलंय, आणि सतरा नंबरचा लॉट गाडीत भरायला घेतलाय, चारच्या बैठकीत सही झाली की गाडी सुटेल. शिवाय सर, तुमची तब्येत बरी आहे ना, चेहरा उतरलेला वाटतोय. तो म्हणाला, ऊन. ती म्हणाली, हो, ऊन फार. ती गेल्यावर त्यानं खाली पडलेलं रजिस्टर उचललं आणि ते पान काढलं. सतरा नंबर. पाकिटातल्या कागदावर सतरा नंबरपुढं ब्याऐंशी लिहिलेलं होतं, आणि त्याच्या रजिस्टरातही एप्रिलच्या तारखेला ब्याऐंशीच.

पण सतरा नंबरची एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरात नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि थंड गोदाम नऊ दिवस जनरेटरवर गेलं. कागदोपत्री जनरेटर चोवीस तास चालला. संघपाल मात्र आपल्या खोडीनं एका दुपारी गोदामात डोकावला, तर आत शांतता होती आणि वरचा पत्रा तडतडत होता. त्यानं सतरा नंबरच्या एका पॅक केलेल्या खोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीची दुपार त्या खोक्यात शिरून बसली होती. तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. तो मनाशी म्हणाला, आधी बघू, मग बोलू. सॅम्पल काढायचं तर चिठ्ठी लागते, रजिस्टरात नोंद लागते, आणि नोंद केली की अर्पिता बघणार, बाकीचे दोघं बघणार, साहेबांनी परत लावलं म्हणून एकमेकांना डोळे मारणार. त्या हसण्याची त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं सतरा नंबरमधली चार पाकिटं चिठ्ठीशिवाय उचलली आणि शंभर-शंभर दाण्यांच्या चार गुंडाळ्या करून उगवणीच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर, मागं, नंबर न घालता ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नोंद नसलेली चाचणी लावली होती. आज तिचा बारावा दिवस होता.

बाकीचे जेवायला गेले तसा तो कपाटापाशी गेला. दार उघडताच ओल्या कागदाचा, कोंबांचा वास आला. एरवी या वासानं त्याला बरं वाटायचं. आज त्यानं पहिली गुंडाळी उलगडली. कित्येक दाणे फुगून तसेच राहिले होते, दाबले की आतून पिवळट पाणी. उगवलेल्यांतली बरीच रोपं आखूड, वाकडी, मुळाचं टोक तपकिरी. पंचाहत्तरच्या खालचं बी विकायचं नाही, हे तिथल्या झाडूवालीलाही माहीत होतं. त्यानं मोजलं. एकसष्ट, साठ, त्रेसष्ट, साठ. परत मोजलं. तेवढेच. सरासरी एकसष्ट. याचा अर्थ एकच होता, बी उष्णतेनं मेलं होतं, आणि बाहेरची गाडी मेलेलं बी भरून उभी होती. शेतात पडल्यावर शंभरातली चाळीस ठिकाणं मोकळी राहतील, शेतकरी आधी आपल्या नशिबाला, मग पावसाला बोल लावील, आणि दुबार पेरणीपर्यंत हंगाम हातचा गेलेला असेल. चौदा वर्षांत त्यानं हजारदा परत लावलं होतं आणि हजारदा तेच निघालं होतं जे पहिल्यांदा निघालं होतं. या एका वेळी परत लावण्यातून काहीतरी निघालं होतं. आता त्याला धावत वर जायला काहीच हरकत नव्हती.

तो गेला नाही. तो तिथंच स्टुलावर बसला आणि त्याच्या डोक्यात ते सुरू झालं. कागदाला पाणी जास्त झालं असेल का? बुरशी कागदातूनच आली असेल का? खालच्या फळीवर, मागं, तिथं हवा कमी लागते, त्यानं झालं असेल का? चारच पाकिटं, नेमकी वरच्या खोक्यातली, पत्र्याजवळची. खालची खोकी चांगली असतील तर? ब्याऐंशी दोघांनी मोजलंय, एकसष्ट एकट्यानं, तेही चोरून. चोरून हा शब्द आला आणि तो तिथंच अडकला. चिठ्ठीशिवाय उचललेली चार पाकिटं. त्यात भर मालकाचं फोडलेलं पाकीट. तो बोलायला उभा राहिला तर पहिला प्रश्न येईल, नोंद कुठाय. दुसरा येईल, सॅम्पल कुणाला विचारून काढलं. तिसरा तर कुणी विचारणारच नाही, वडिलांच्या त्या सुपरवायझरसारखं नुसतं समोर येऊन उभं राहील. जगात सगळ्यात जास्त ज्या गोष्टीला तो भ्यायचा तिची सगळी तयारी त्यानं स्वतःच्या हातानं, मोठ्या काळजीपूर्वक करून ठेवली होती. त्यानं मोबाईल काढला, सत्यशीलाला लावला. तिच्या शाळेत उन्हाळी शिबिर चालू होतं, आत्ता मधली सुटी, मागं पोरांचा गलका. त्यानं विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, हो. मग म्हणाली, चार वाजता जे विचारतील त्याचं फक्त उत्तर द्या, हो का न्हाई तेवढं. तिला त्या लॉटबद्दल काहीच माहीत नव्हतं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला, आणि मग गुंडाळ्या तशाच परत बांधून मागं सारून दिल्या.

चार वाजता तो वर गेला तेव्हा जिन्याच्या कठड्याला हात लावून गेला. राधेश्यामजी टेबलामागं बसले होते, साठीचे, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. आजोबांपासूनचा बियाण्यांचा धंदा, माणूस बोलायला गोड आणि डोळ्यांनी सावध. बाजूच्या खुर्चीवर अर्पिता. चहा आला. त्यांनी संघपालला बस म्हणायच्या आधीच सांगून टाकलं की दोन वर्षांपासून ते प्रत्येक लॉट बाहेरही तपासून घेतात. आजचा कागद कुरिअरवाल्यानं कुठं टाकला कोण जाणे, पण फोनवर आकडे कळलेत. संघपालला वाटलं, आत्ता सांगावं, पाकीट माझ्याकडं आहे. त्यानं खिशातली ड्रॉवरची किल्ली चाचपली. राधेश्यामजी पुढं बोलत होते.

“बुरा मानू नका, हिवाळे साहेब. दोन वर्षांत तुमचा एक बी आकडा गलत न्हाई निघाला. बिलकुल एक बी न्हाई. पण तुमचा आकडा येतो तवर एक तर माल गेलेला असतो, न्हाईतर गिऱ्हाईक गेलेलं असतं.”

ते हसले. त्यात टोचणी नव्हती, आणि त्यामुळंच संघपालला जास्त भीती वाटली. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि त्याच्याकडं नीट बघितलं. खुर्ची तुमचीच आहे, ते म्हणाले. या पोरीला मी बोलावलंय ते तुमच्या जागेवर बसवायला, तुम्ही वर आल्यावर. मला फक्त एक बघायचंय.

“सतरा नंबर खाली भरून उभाय. मला आत्ता सांगा, इथं बसून. जाऊ द्यायचा का थांबवायचा? तुम्ही थांबव म्हणले तर मी थांबवतो. का म्हणून बी विचारणार न्हाई.”

संघपालनं ते शब्द ऐकले, आणि त्याच्या लक्षात आलं की सगळी दारं या माणसानं एकाएकी उघडून टाकलीत. नोंद लागणार नव्हती. चिठ्ठी लागणार नव्हती. कारणही लागणार नव्हतं. एवढंच लागणार होतं की त्यानं म्हणावं, थांबवा. त्याला ते माहीत होतं, हाडामासात माहीत होतं, त्याच्या बोटांना अजून त्या पिवळट पाण्याचा बुळबुळीतपणा होता. आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की थांबवा म्हटल्यावर गाडी रिकामी होईल, दोन महिन्यांनी कुणीतरी खालचं खोकं उघडून लावील, ते ब्याऐंशी उगवेल, आणि मग हे गोड बोलणं कसं बदलेल. एवढी वर्षं तो एकच गोष्ट टाळत आला होता, की आपल्या एकट्याच्या शब्दावर काहीतरी घडावं. कागदाच्या आड, आकड्याच्या आड, परत लावण्याच्या आड तो इतका सुखात राहिला होता की उघड्यावर येऊन उभं राहायचं कसं ते पायांना आठवत नव्हतं. त्यानं चहाचा कप उचलला आणि तो बशीवर वाजला म्हणून परत खाली ठेवला.

“एकदा परत लावून बघू, साहेब,” तो म्हणाला.

राधेश्यामजी रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या आजाऱ्याला बरं वाटत नाही म्हटल्यावर हलवतात, आणि समोरचा माल सोडायचा कागद सावकाश अर्पिताकडं सरकवला. तिनं पेन उघडलं, पण सही केली नाही. तिनं आधी संघपालकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं, कारण तिच्या कपाळाला आठी पडली.

“सर, तुम्हाला काही दिसलंय का? दिसलं असंल तर सांगा. माझे वडील बी यंदा हेच लावून राह्यले, मीच सांगितलंय त्यांना.”

हे दुसऱ्यांदा दार उघडणं होतं, आणि या वेळी तर एका माणसानं स्वतःचं घर पुढं करून उघडलेलं. संघपाल तोंड उघडून बोलायला लागला, गोदामात पत्र्याखाली, असं काहीतरी म्हणाला. राधेश्यामजींनी हात वर केला. जनरेटर चालू होता, कागद आहे, ते म्हणाले. अर्पिता अजून त्याच्याकडंच बघत होती. आता नुसतं म्हणायचं, हो, दिसलंय. दोन शब्द. पण तिच्या या बघण्यातही त्याला सुपरवायझर दिसला, जो तिच्यात कुठंच नव्हता, आणि त्याचा आवाज आपोआप खाली गेला, ऑफिसातल्या नेहमीच्या आवाजावर आला.

“तसं काही न्हाई,” तो म्हणाला. “आपलं खात्रीसाठी म्हणलो.”

सर नेहमीच असं म्हणतात, हे तिला तीन वर्षांत पाठ झालं होतं. त्यानं इतक्या वेळा, इतक्या चांगल्या बियाण्यांवर, याच शब्दांत शंका घेतली होती की खऱ्या शंकेसाठी त्याच्याकडं वेगळा शब्दच उरला नव्हता. तिनं सही केली. एकदाच, खालच्या रेघेवर, आणि टोपण लावलं. राधेश्यामजींनी वरची खुर्ची अर्पिताला दिली आणि त्याला सांगितलं की खालची लॅब तशीच सांभाळा, तुमच्यासारखा माणूस न्हाई, आणि ते खरंच मनापासून म्हणत होते. अर्पिता वरच्या खुर्चीचं ऐकून गांगरली, तिनं संघपालकडं माफी मागितल्यासारखं बघितलं. त्यानं तिचं अभिनंदन केलं. त्याला खरोखर थोडं हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची त्याला सगळ्यात जास्त शिसारी आली. आपल्याला ही खुर्ची हवी होती असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, आणि ती गेली तेव्हा सुटलो असं वाटलं. म्हणजे आपण कोण आहोत?

जिना उतरताना त्याचे पाय आपोआप लॅबकडं वळले आणि दाराशी थांबले. आत बाकीचे दोघं काम आवरत होते. तो आत न जाता तसाच मागच्या दारानं गोदामाच्या आवारात आला. उन्हाचा चटका अजून कमी नव्हता, डांबर बुटांना चिकटत होतं. गाडीवर ताडपत्री ओढून झाली होती, दोर आवळून झाले होते. इंजिन सुरू झालं. तो चालायला लागला, मग जवळजवळ पळायला लागला, आणि फाटकापाशी गाडीच्या आधी पोचला. आपण असं पळतोय याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं हात वर केला. गाडी थांबली. आजवर त्याच्या हातानं एवढी मोठी गोष्ट कधी थांबली नव्हती, आणि ती किती सहज थांबली हे बघून तो घाबरून गेला. ड्रायव्हर देवानंदनं खिडकीतून मान बाहेर काढली, चेहऱ्याला बांधलेला रुमाल खाली ओढला.

“काही राह्यलं का, साहेब?”

त्यानं विचारलं ते साध्या आवाजात. घाई नव्हती, वैताग नव्हता. इंजिन घरघरत होतं, गरम वारा बोनेटवरून तोंडावर येत होता, आणि देवानंद थांबलेला होता. साहेबांनी म्हटलं असतं, माल खाली कर, तर त्यानं कपाळाला हात लावला असता आणि केला असता. वरून कुणी येण्याआधी निम्मी गाडी रिकामी झाली असती. संघपालनं तोंड उघडलं. शब्द होता, घशापर्यंत आलेला होता, त्याची चवसुद्धा त्याला कळली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. देवानंद वाट बघत होता.

“पावती दाखवा,” संघपाल म्हणाला.

देवानंदनं डॅशबोर्डवरून कागद काढून त्याच्या हातात दिला. संघपालनं तो वाचला. लॉट नंबर सतरा. खोक्यांचे नंबर, पहिलं आणि शेवटचं. गाडीचा नंबर, तो पुढं जाऊन पाटीशी ताडून आला. ठिकाण, घनसावंगी. सही, अर्पिताची. मग परत वरून सुरुवात केली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत आला. कुठंही काही चुकलेलं नव्हतं. मागून दुसऱ्या गाडीनं हॉर्न दिला. त्यानं कागदाची घडी घातली, जशी होती तशीच, आणि तो खिडकीतून वर दिला.

“बराबर आहे,” संघपाल म्हणाला, आणि गाडीला वाट द्यायला बाजूला झाला.